न दिलेलं इंजेक्शन

बाई, मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही एका बादलीवरून भांडत होतात. फरशी पुसायची बादली कुणीतरी पेशंटचं अंग पुसायला घेतली होती, आणि वॉर्डच्या मधोमध ती बादली हातात धरून तुम्ही विचारत होतात, "ह्यातलं पाणी तुमच्या आईच्या तोंडाला लावाल का?" मी दारात उभी. आदल्या दिवशीच जतच्या बाजूच्या आमच्या गावातून एसटीनं सांगलीला आले होते आणि त्या दवाखान्यात मला आया म्हणून घेतलं होतं. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं. पाण्यावरून भांडणं मी जन्मभर पाहिली होती, पण ती पाणी कमी पडतं म्हणून. ते कुणाच्या अंगाला लागणार यावरून कुणी एवढं पेटून उठतं, हे मला नवीन होतं. तुम्ही मेट्रन आहात हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं, की ह्या बाईच्या हाताखाली आपला निभाव लागायचा नाही.

मेंढरं राखणाऱ्या घरातली, दहावी होऊन लग्न झालेली आणि वर्षभरात सासरहून माघारी आलेली मी. वय विशीचं, पण कामावर आल्या दिवसापासून साठीतले म्हातारेसुद्धा मला मावशी म्हणायला लागले, कारण दवाखान्यात आयाला मावशीच म्हणतात. तुम्ही मात्र पोरी म्हणायचात. आमच्या घरात अर्धं कानडी बोललं जातं हे कळल्यावर तुम्ही मला सीमेवरच्या पेशंटजवळ नेऊन उभं करायचात आणि म्हणायचात, "विचार हिला, कुठं दुखतंय. नीट विचार, तुझ्या मनाचं घालू नकोस." पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, पाठ कशी पुसायची, भरवताना डोकं किती उंच हवं, हे तुम्ही मला स्वतः शिकवलंत. श्वास मोजायला शिकवताना म्हणालात, "मनगट धरून ठेव, म्हणजे त्याला वाटेल नाडी बघतेय. श्वास मोजतात हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो." मला ते फार आवडलं होतं. एवढी बारीक गोष्ट कुणी मला शिकवण्याजोगी समजतं, याचंच अप्रूप होतं. मी कुठल्याही पेशंटपाशी गेले की आधी मनगट धरायची आणि छातीकडे बघायची.

आणि मग तो दिवस. तुम्ही बहुधा विसरला असाल, कारण तुमच्यासाठी तो रोजच्यासारखाच होता. आमच्या शेजारच्या गावची एक म्हातारी आली होती, तिची सून आणि दोन पुतणे सोबत. कानडी बोलणारं माणूस भेटलं म्हणून म्हातारी मला सोडेना. मुलीला हाक मारावी तशी मला 'मगळे' म्हणायची. तिच्या लोकांना मी नर्सच वाटत होते आणि मीही ते मोडून काढलं नव्हतं. तिचं सलाईन अडकलं होतं. वॉर्डातली सिस्टर दुसऱ्या पेशंटला टाके काढायच्या गडबडीत होती. तिथूनच ओरडली, "मावशी, तेवढं चालू कर ग, नळीवरचं चाक जरा वर सरकव." मी शंभरदा पाहिलेलं. मी चाकावर अंगठा ठेवला आणि मागून तुमचा आवाज आला.

"हात काढ."

मी हात काढला.

"हे तुझं काम आहे? काय आहे त्या बाटलीत, वाचलंस? किती वेगानं जायचंय, ठाऊक आहे? मग कशाला हात लावलास?"

सगळा वॉर्ड बघत होता. म्हातारीची सून माझ्याकडे बघत होती, मग ती खाली बघायला लागली. त्यांच्यापुढं मी तेवढ्यात नर्स होते ती आया झाले. पुढं दिवाळीला गावी गेले तर भाऊ हसत म्हणाला, "काय गं, नर्स हाय म्हणून सांगत हुतीस व्हय? ते पुतणे म्हणत्यात, फरशी पुसत्या." त्याला गंमत वाटत होती.

तुम्ही त्या सिस्टरलाही बोललात. पण तिला तुमच्या खोलीत नेऊन, दार लावून. मी बाहेर कॉट पुसत होते, मला ऐकू येत होतं. तुम्ही चढ्या आवाजात बोलत नव्हतात. म्हणत होतात, "तू तिला सांगितलंस ते काम तुझं होतं. तिनं केलं तरी ते तुझंच राहतं. तिला नीट माहिती नाही हे तुला माहीत होतं, म्हणजे चूक तिची नाही, तुझी." बाई, चूक माझी नाही हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग ते तुम्ही बंद दाराआड का म्हणालात? सिस्टरची अब्रू दाराआड सांभाळलीत आणि माझी वॉर्डाच्या मधोमध काढलीत. पुढं कधीतरी चहा पिताना तुम्ही मला समजावलंत, की सुई टोचणं अवघड नसतं, टोचल्यावर माणसाला काय व्हायला लागलं हे ओळखणं आणि तेव्हा काय करायचं हे ठाऊक असणं, त्यासाठी शिकावं लागतं. मला ते पटलं. आजही पटतं. पण पटलं म्हणून सल गेला असं झालं नाही. मी तुमच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी रडले, आणि तरी तो सल मी कुठंतरी जपून ठेवला होता.

तुम्ही साताऱ्याला तुमच्या घरी गेलात. मग तुमच्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. तुम्हाला कॅन्सर झालाय, तो हाडांपर्यंत गेलाय, घरी राहायचं म्हणताय आणि जवळ मीच हवी म्हणताय. मी दवाखान्यातून रजा घेतली आणि पिशवी घेऊन निघाले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला ते चढावरचं घर, पुढं तगरीचं झाड. तुम्ही पलंगावर एवढ्याशा दिसत होतात, पण मी आत शिरताच पहिलं काय म्हणालात? "हात धुतलेस?" मी हसले. मग तुम्हीही हसलात. सातारची थंडी मला सोसायची नाही म्हणून कपाटातून तुमचा नाईट ड्युटीचा निळा स्वेटर काढायला लावलात आणि तो मला दिलात.

ते दिवस चांगले होते, असं आता म्हणायला धीर होत नाही, पण होते. सकाळी मी तुमचं अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची, कुशीवर घ्यायची. ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील करून चमच्यानं भरवायची. तुम्हाला ती आधी नकोशी वाटायची, मग तुम्ही मागायला लागलात. दुखण्याचं इंजेक्शन मात्र साताऱ्यातलीच एक सिस्टर येऊन द्यायची, सकाळी आणि दुपारी, स्कूटरवरून. तुमच्या हाताला नळी लावून ठेवली होती, तिच्यातून ती अगदी सावकाश औषध सोडायची आणि नंतर थोडा वेळ तुमच्याकडे बघत बसायची. पहिल्याच दिवशी तुम्ही तिच्यासमोर मला सांगितलंत, "माझं खाणं, अंघोळ, वळवणं, श्वास, ताप, सगळं तुझ्याकडे. ह्या नळीला तू हात लावायचा नाहीस." मी हो म्हटलं. ती सिस्टर तरुण होती, तुम्हाला घाबरायची. तिला वाटलं असेल, मेट्रनबाई अजून ड्युटीवरच आहेत.

त्या दुपारी ती आली नाही. तुम्ही घड्याळाकडे बघत होतात. मग तुम्ही चादर मुठीत धरली. मी फोन लावला तर ती म्हणाली, "मावशी, पोवई नाक्यावर मोर्चा आहे, पोलीस काही पुढं सोडत नाहीत. बाईंना कसं आहे?"

"लय दुखतंय," मी म्हटलं.

ती म्हणाली, "तुम्ही रोज बघता ना मी कसं देते ते? बाई आहेत सांगायला. फ्रिजशेजारच्या डब्यात आहे, भरा आणि द्या. मी फोन चालूच ठेवते."

"न्हाई सिस्टर. ते माझं काम न्हाई. तुमी या."

डॉक्टरांना लावला तर ते ऑपरेशनमध्ये होते. तुम्ही सगळं ऐकत होतात. डोळे मिटून म्हणालात, "पोरी, डबा आण."

"बाई, मला नाही जमायचं."

"जमतं तुला. मला माहीत आहे तू कशी बघतेस ते. मी सांगते तसं कर. आण."

"तुम्हीच सांगितलंय, नळीला हात लावायचा नाही."

"मीच आता सांगतेय, लाव."

मी तशीच उभी राहिले. तुमच्या कपाळावर घाम होता. मग तुम्ही म्हणालात, "प्लीज." सांगलीत इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून तो शब्द मी डॉक्टरांसाठीसुद्धा ऐकला नव्हता. आणि मी तुम्हाला म्हटलं, "काय आहे त्या बाटलीत मला वाचता येत नाही बाई. किती वेगानं द्यायचं तेही मला ठाऊक नाही."

बाटलीवरचं मला वाचता येत होतं. दहावी झाले होते मी, आणि दवाखान्यात राहून औषधांची नावं ओळखीची झाली होती. ते वाक्य मी तुमच्यासाठी इतकी वर्षं राखून ठेवलेलं होतं, हे माझं मलाही तेव्हाच कळलं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला तो वॉर्ड आठवला की नाही, देव जाणे. मला मात्र तेवढ्यापुरतं बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. उन्हातून आल्यावर गार पाण्याचा घोट जातो तसं. त्या क्षणी मी तुमचा नियम पाळत नव्हते, तो तुमच्या अंगावर फेकत होते.

मधलं थोडं सोडून पुढचं लिहिते. दिवेलागणीला सिस्टर आली, पायऱ्या चढून धापा टाकत. तिनं आधी तुमचं ब्लड प्रेशर बघितलं, मग छातीवर डोळे ठेवून श्वास मोजले, पुन्हा मोजले, आणि डॉक्टरांना फोन केला. श्वास संथ झाला होता, उथळ झाला होता; दुखणं उसळलं तरी आधीचं औषध अंगात साचून राहिलं होतं. डॉक्टरांनी अर्धंच इंजेक्शन द्यायला सांगितलं, तेही थांबून थांबून. ते देऊन झाल्यावर ती मला बाहेर घेऊन आली. तगरीपाशी उभी राहून तिनं माझा हात धरला. "बरं झालं मावशी, तुम्ही माझं ऐकलं नाहीत. रोजच्याएवढं गेलं असतं तर श्वासच थांबला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचं तोंड पुसत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "काल तू बरोबर केलंस. मी चुकले. दुखायला लागलं की माणसाला काही कळत नाही." मग म्हणालात, "माझ्या सगळ्या सिस्टरांत एखादीलाच जमलं असतं ते." अशी शाबासकी तुम्ही मला पूर्वी कधी दिली नव्हती. मी रुमाल पिळायला म्हणून मोरीत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही त्यानंतर फार दिवस राहिला नाहीत, पण सांगायला पुरतील एवढे होतात. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि मग तुम्ही आंबील मागायचात, आणि मला वाटायचं, कशाला.

तुमच्या भाच्याला त्या सिस्टरनं सगळं सांगितलं होतं. तुमच्या दिवसकार्याला त्यानं ते आलेल्यांना सांगितलं. सांगलीच्या दवाखान्यात ती गोष्ट माझ्या आधी पोचली. नवीन आया आल्या की त्यांना माझ्याकडे बोट करून सांगायचे, हिनं मेट्रनबाईंना नाही म्हटलं होतं. आता मी दवाखाना सोडलाय. घरोघरी आजाऱ्यांपाशी मुली पाठवणारी एक संस्था आहे इथं सांगलीतच, विश्रामबागेत, तिथं मुलींना शिकवायला जाते. मला मॅडम म्हणतात, बाई. ऐकून तुम्ही हसाल. जतच्या असतात, पलूस, तासगावकडच्या असतात. कुणाला नवरा नाही, कुणाचं शिक्षण बारावीला थांबलेलं. मी त्यांना वळवायला शिकवते, भरवायला शिकवते, मनगट धरून श्वास मोजायला शिकवते. आणि घरचे लोक किती अजीजीनं म्हणाले, 'ताई, तेवढं इंजेक्शन तुम्हीच द्या, सिस्टरला कशाला बोलवायचं,' तरी नाही कसं म्हणायचं ते शिकवते. त्यासाठी दर वेळी तुमची गोष्ट सांगते. त्यातलं ते बाटली वाचण्याचं वाक्य सांगत नाही. नुसतं म्हणते, मी सांगितलं, बाई, हे माझं काम नाही. मुली टाळ्या वाजवतात.

परवा कुंडलची एक मुलगी होती. मागं बसलेली, फारसं न बोलणारी. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, "आवं मॅडम, पर सिस्टर येईपातूर त्या बाईस्नी दुखतच हुतं की. तवर तुमी काय केलासा?"

तिच्या मनात काही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, अशा वेळी आपण काय करायचं. मी म्हटलं, "जवळ बसले होते." तिनं मान डोलावली. मग बाकीच्या मुलींकडे वळून मी म्हटलं, औषध आपल्या हातात नसतं पण जवळ बसणं असतं, कूस बदलून बघायची, गुडघ्याखाली उशी द्यायची, ओठ ओले करायचे, हात धरायचा, श्वासावर लक्ष ठेवायचं आणि जरा वेगळं वाटलं तर पुन्हा पुन्हा फोन करायचे. छान बोलले मी. बोलताना तुमचाच आवाज माझ्या तोंडून येत होता. घरी आले आणि जेवण गेलं नाही.

मी सोडून दिलेलं मधलं ते हेच, बाई. इंजेक्शन देणं माझं काम नव्हतं, पण त्या दुपारी बाकी जे जे होतं ते सगळं माझंच होतं, आणि त्यातलं मी काहीएक केलं नाही. ते वाक्य तुमच्या तोंडावर मारून मी स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं आणि मेथी निवडायला बसले. तुमचं कण्हणं ऐकू येत होतं. तुम्हाला कुशीवर घ्यायची वेळ झाली होती, ती टळून गेली. मी तुमचे श्वास मोजले नाहीत. ते संथ होत चालले तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. सिस्टरनं आल्या आल्या विचारलं, "दुपारी श्वास कसे होते?" तर मी म्हटलं, "बरे होते." तिनं माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः मोजले म्हणून निभावलं. ते तुम्हीच कधीतरी तिच्यासारख्यांना शिकवलेलं असणार, दुसऱ्यानं सांगितलं तरी स्वतः बघायचं. इंजेक्शन मी दिलं नाही म्हणून तुम्ही वाचलात, असं लोक म्हणतात. मी खोलीत नव्हते हे कुणालाच ठाऊक नाही.

हे लिहून भाच्याला पाठवावं असं मनात आलं होतं. पत्ता आहे माझ्याकडे. पण तो अजून दर दिवाळीला फोन करतो, "मावशी, तुम्ही होतात म्हणून निभावलं," असं म्हणतो. त्याच्याकडून ते काढून घ्यावं असं वाटत नाही. निदान तसं मी स्वतःला सांगते. त्या कुंडलच्या मुलीला मात्र सांगेन म्हणते. सोमवारी येईल ती. बघू, धीर झाला तर.

सिस्टर त्या संध्याकाळी निघून गेल्यावर तुम्हाला जरा आराम पडला होता आणि तुम्ही हळूच विचारलं होतंत, "मी हाक मारत होते तुला. कुठं होतीस?" मी म्हटलं, मिक्सर चालू होता बाई, ऐकू आलं नाही. तुम्ही "असू दे" म्हणालात आणि माझ्या हातावर हात ठेवून झोपलात. मिक्सर मी लावलाच नव्हता. तुम्ही दोनदा हाक मारलीत, आणि दुसऱ्यांदा मारलीत ती नुसती पोरी म्हणून नव्हे, माझ्या नावानं.